उधारी

बोस्त्यांव पोदेर गेला, त्याच्या तिसऱ्या सकाळी
दात घासता घासता उर्वीनं विचारलं,
बाबा, आपला स्वर्ग आणि त्यांचा स्वर्ग
एकच की वेगवेगळे?
तोंडभर फेस होता.
आधी चूळ भर, मी म्हटलं.
चूळ भरायला कितीसा वेळ लागतो?

मी चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीचा दोर टाकतो.
बावीस वर्षं.
स्कूटरी, माशांच्या पाट्या, पोटुशा बायका,
एकदा नवरीसकट अख्खं वऱ्हाड
पलीकडे नेऊन सोडलंय.
म्हणून तिला वाटतं, पलीकडचं सगळं मला ठाऊक.
मला रायबंदर ठाऊक आहे.
त्याच्या पुढे पणजी. बस, तेवढंच.

पण सहा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगतं?
मी म्हटलं, वर एकच मोठं घर असतं,
आत पुष्कळ खोल्या.
आणि स्वयंपाकघर?
एकच असेल.
मग सोमवारी त्यांनी मासे तळले
तर आपली उपासाची माणसं कुठे बसतात?
सुलक्षा आत हसली.
मला वाचवायला काही बाहेर आली नाही.

संध्याकाळी पुन्हा.
तिकडे त्याला रात्री दोनला उठून
पीठ मळावं लागतं का?
नाही गं. तिकडे काम नसतं.
ती जरा थांबली.
मग तो करणार काय दिवसभर?
मला त्याचे हात आठवले,
कोपरापर्यंत पांढरे, सायकलचा भोंपू दाबणारे.
ते हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला बोस्त्यांव
माझ्याही डोळ्यांपुढे येईना.

आजोबा धूर होऊन गेले, ते सोपं आहे, ती म्हणाली.
पण ह्याला तर इगर्जीमागे मातीत ठेवलाय.
वर दगडसुद्धा ठेवतील.
मग?

मग मी बरंच काही बोललो.
आत्मा म्हटलं. वारा म्हटलं.
दिव्याची वात म्हणायला गेलो आणि तेवढ्यात
घरातले दिवे गेले,
तर ती अंधारात म्हणाली, असं?

शनिवारी शाळा सुटल्यावर धक्क्यावर आली.
बोट रॅम्पला लागत होती, दोर माझ्या हातात.
बाबा, तिकडची फेरीबोट
परत येताना रिकामीच येते?
दोर खुंट्यावरून घसरला.
बावीस वर्षांत दुसऱ्यांदा.
माहीत नाही, मी म्हटलं.
तिनं मान हलवली,
बरोबर उत्तराला शाळेत बाई हलवतात तशी.

आणि मग: त्याची उधारी?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या रेघा होत्या.
उंडे, पोळ्या, पाहुणे आले त्या दिवशीचे कातरे,
सगळे मिळून एकोणीस.
पाच एके पाचनं मोजत गेली बोटांवर,
पंच्याण्णववर येऊन थांबली.

पिएदाद पायरीवर बसली होती, काळ्या झग्यात.
मागे भट्टीचं तोंड उघडं,
आत एक मांजर झोपलेलं.
मी शंभरची नोट पुढे केली. ती नको म्हणाली नाही.
उठली, आत गेली,
डबे उघडल्याचे आवाज आले, बराच वेळ,
आणि पाचाचं नाणं घेऊन आली.
हिशोबाला तोही तसाच होता.
मग नदीकडे बघत, कोणालाच न विचारल्यासारखं,
"खंय पावलो आसतलो गो तो?"

माहीत नाही, उर्वी म्हणाली.
थेट माझ्या आवाजात.
आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली, पाय हलवत.
मी उभाच होतो, मला बस कोणी म्हटलं नाही.
पिएदादनं तिच्या वेणीतलं सुटलेलं फूल
काढून पुन्हा खोचलं.

वाटेत तिनं मूठ उघडली नाही.
मानशीपाशी आल्यावर विचारलं,
हे पाच रुपये आता आपले,
की अजून त्याचेच?

पाणी आत येत होतं, भरतीचं.
आम्ही दोघं थोडा वेळ तिथे उभे राहिलो.