पाटी कोरी

"महिना झाला, बाई, पाटी कोरीच आहे."
रेवणचे वडील दारात उभे,
नखांत तांब्याची भुकटी.
मी म्हटलं, या, बसा जरा. ऐका.

तांबट आळीतली बालवाडी ही,
नऊ वाजता समोर घण सुरू होतो
आणि मी खडू डब्यात परत ठेवते.
डोळे मिटा. आता ठोका काठावर पडला की बुडावर?
रेवण सांगतो. कधीच चुकत नाही.
बाकीचे त्याचं बघून शिकले, म्हणजे ऐकून.

मग शब्द.
एका आवाजाला एक चिंचोका.
'आई'ला दोन. ते सोपं.
'घर'ला सगळे दोनच मांडतात.
मी म्हणते, हळू, बोटावरचं लोणी चाटताना असतो तितका हळू:
घ् ... अ ... र्
मधला 'अ' घच्या पोटात दडून बसलेला,
लिहिताना मोठ्यांनाही दिसत नाही.
मिस्बाह त्याला चिमटीत धरून बाहेर काढते,
तिसरा चिंचोका ठेवते
आणि बोटं फ्रॉकला पुसते.

तिनंच परवा विचारलं,
"बाई, चहातला च आणि चमच्यातला च,
दोघं वेगळे आहेत ना?"
आहेत.
"आणि चमचे म्हटलं की मागचा च
चहातल्यासारखा होतो."
एकवीस वर्षं मी हे अक्षर गिरवून घेतेय,
एकच काना, एकच पोट,
आणि जीभ दोन ठिकाणी टेकते
हे माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं.
घरी जाऊन आरशासमोर कितीदा चमचा म्हणाले.
नवऱ्यानं चमचा आणून दिला.

आज काढून टाकायचा खेळ.
'कमळ'मधलं क काढा. मळ! (हसू.)
'पाऊस'मधला पा. ऊस!
'नाशिक'मधला ना काढा. काय उरलं?
कुणीच बोलेना. समोर भट्टी फुसफुसत होती.
तुळसा, पेठची, वेणीचं टोक चघळणारी,
आल्यापासून वर्गात चकार शब्द न काढलेली,
वेणी तोंडातून काढून म्हणाली,
"शिक."
इतकं खणखणीत, की मला वाटलं
मलाच दटावतेय.

रेवणचे वडील चपला घालत होते.
म्हणाले, आमच्यातही भांडं आधी वाजवून बघतात,
नक्षी मागनं.
मी खूश. दिवसभर ते वाक्य तोंडात घोळवत राहिले,
पर्यवेक्षिकाबाईंना कसं ऐकवायचं तेही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दारात.
"बरोबर आहे तुमचं, बाई.
पण अ कधी?"