ठोका

मे महिन्यात सापडली ती, गल्ली नंबर चारच्या मागे,
तेलघाण्याच्या ढेपेच्या पोत्यांवर,
धुळ्यात हापशाच्या दांड्यालासुद्धा
फडकं गुंडाळून हात लावावा लागतो त्या दिवसांत.
मागचा पाय आग्रा रोडवरच्या कुठल्यातरी ट्रकनं मोडलेला.
इद्रीसभाईंनी रिक्षाची मागची सीट काढली,
म्हणाले, "शाळेची पोरं सोडून आलोय, आता हिची पाळी."
डॉक्टर वाडिले गुरांचे डॉक्टर.
म्हशीसाठी आणलेलं बँडेज अर्धं कापलं,
फी विचारली तर म्हणाले, "अर्धीच लागली."

मी लॅबमध्ये लोकांचं रक्त घेते.
देवपूरला एक खोली, मोरी, गॅलरी.
घरमालकीण सुरताबाईंना सांगितलं: आठवडाभर.
तो आठवडा गणपतीपर्यंत लांबला.

अकरा नावं ठेवून पाहिली मी.
एकालाही वळली नाही.
मला वाटलं, हट्टी आहे,
वाटलं, मार खाल्लाय म्हणून माणसाचा आवाज नको असेल.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दाराशी भंगारवाला ओरडला,
आणि एका रात्री ढोल-ताशांचं पथक
आमच्या गॅलरीखाली अर्धा तास उभं राहिलं,
तेव्हा ती पाय पसरून झोपली होती.
मी तिच्या कानामागे टाळी वाजवली.
मग पुन्हा वाजवली.
मग तिथंच खाली बसले.

स्थळं येतात तशी घरं येऊन गेली.
साक्री रोडच्या ठेकेदारानं विचारलं, "भुंकते का?"
क्वचित, मी म्हटलं. चहा पिऊन गेला.
एका मुलीला पांढरंच पाहिजे होतं.
एकानं नेली, दुसऱ्या दिवशी
बंद पडलेला मिक्सर आणावा तशी आणून दिली:
"बोलावलं तर येत नाही हो."
मी पट्टा हातात घेतला. काय बोलणार.

त्याच सुमारास तिनं सुरताबाईंचा हंडा पाडला.
त्यांच्या आईनं दिलेला, तांब्याचा. हा मोठा पोचा.
म्हणून सोनगीर.
एका हातात हंडा, एका हातात तिचा पट्टा,
कंडक्टरनं हंड्याचं तिकीट घेतलं नाही, तिचं घेतलं.

भिकन तांबट ऐरणीशी बसलेले.
मी बाबा म्हटलं, पुन्हा म्हटलं, मग ओरडले.
सुनेनं येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.
त्यांनी आधी हंडा पाहिला,
मग हातोड्याच्या त्या सगळ्या गदारोळात
कान न हलवता बसलेली कुत्री पाहिली,
बराच वेळ.
"माले बी आयकू येत नही," म्हणाले,
"वीस वरीस व्हयनात. राहू दे तिले आठेच."
आणि हातोडा उलटा धरून
जमिनीवर मारला, एकदा.
तिनं मान उचलली.

चार महिने मी हवेतून हाका मारत होते.

दिवाळीनंतर गेले, पाहणीचा फॉर्म घेऊन.
पाणी आहे का, सावली आहे का, बांधून ठेवतात का.
परातींच्या उतरंडीला पाठ लावून झोपली होती,
अंगावर तांब्याचा लाल भुगा.
मी हाक मारली. सवय जात नाही.
मग चपलेची टाच आपटली.
डोळे उघडले तिनं,
माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं काही नाही,
आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं:
हिला आत येऊ द्यायचं का?

ते हसले. मीही, जरा उशिरानं.

नावाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं सुनेला.
"नाव कसाले?" ती म्हणाली, आणि कळण्याची भाकरी वाढली.
फॉर्म मांडीवर ठेवून भरला.
प्रत्येक ठोक्याला अक्षर हलत होतं.

हंडा घेऊन आले.
सुरताबाईंनी उजेडात धरून फिरवून पाहिला.
दिसत नाही म्हणाल्या, पण हात फिरवला की लागतं.