सात मिनिटं

पत्रात लिहिलं होतं: सात मिनिटं.
खाली नगरपालिकेच्या सिगुर्डने पेनाने जोडलं होतं,
थोडं गमतीचंही चालेल.

सात मिनिटं म्हणजे किती ते मला पाठ आहे:
आमची फेरीबोट हा धक्का सोडून
फ्योर्डपलीकडच्या धक्क्याला टेकते, तेवढी.
वारा उलटा असेल तर आठ.
एकतीस वर्षं तिकिटं फाडली मी या पाण्यावर.
आता पूल झालाय,
आणि पुलाच्या उद्घाटनाला
बोटीनेच चार शब्द बोलावेत
असं कुणाच्या तरी डोक्यात आलं.

चार शब्द.
पहिल्या मसुद्यात मोजले तर अकराशे,
आणि सगळे रडके.
दुसऱ्यात मंत्र्यांचे आभार तीनदा झाले.
तिसरा मी गाड्यांना वाचून दाखवला,
शेवटच्या आठवड्यात, पहाटेच्या फेरीला,
नऊ गाड्या आणि मेंढ्यांचा एक ट्रक.
मेंढ्या ऐकत होत्या. त्यांना वाटलं असेल
हे आपल्याबद्दलच चाललंय.
खालून इंजिनातला अस्गेइर वर आला, म्हणाला,
"तोरगुन, हे तुझं नाही.
तू 'हँडब्रेक लावा' एवढंच म्हणतेस,
पण ते सगळे ऐकतात."
तो असाच आहे. फडक्याला हात पुसतो, एक वाक्य बोलतो,
मग आठवडाभर गप्प.

रात्री स्वयंपाकघरात
अंडी उकडायच्या टायमरवर लावून पाहिलं. नऊ.
आईचं वाक्य काढलं. आठ.
वादळात बोटीवर जन्मलेलं बाळ काढलं
(आता एकोणीस वर्षांचं आहे,
याच पुलावर क्रेन चालवत होतं),
परत घातलं. साडेआठ.
एक वाक्य मात्र निघेना,
ज्यात माझा नवरा पैलतीरी राहायला गेला
आणि तरी रोज सकाळी
माझ्याच हातून तिकीट घेत राहिला, सुटे पैसे मोजून.
ते कागदावर कधी लिहिलंच नव्हतं,
खोडणार कसं?

त्या दिवशी चार हजार माणसं.
दोन्ही गावांची मिळून नऊशे भरत नाहीत,
बाकीची कुठून आली कोण जाणे,
बहुतेक मीच कधीतरी आणलेली.
बँडची पोरं थंडीने निळी.
माझ्या पोटात गोळा, आणि तोंडात जीभ नव्हती,
कुणाचा तरी हातमोजा होता.

कर्णे दोन्ही काठांवर लावले होते.
मी म्हटलं, "मंडळी,"
आणि दोन श्वासांनी पलीकडच्या डोंगरातून
एक बाई म्हणाली, "मंडळी".
दचकले. थांबले.
पुढचं वाक्य बोलले, पुन्हा थांबले.
रेडिओवाल्याला वाटलं, माझा कंठ दाटलाय.
तसं काही नव्हतं.
मी तिला पोचू देत होते.
जुनी सवय:
पलीकडे टेकल्याशिवाय फळी खाली सोडायची नाही.

अशाने सात मिनिटांत अर्धंच बसलं.
मंत्रीणबाईंचे आभार दुसऱ्या पानावर होते, राहिले.
क्रेनवाल्या पोराचं आलं, तेव्हा चार हजार माना वळल्या
आणि तो हेल्मेटात शिरला.
सिगुर्ड मनगटावर बोट आपटत होता.
मग मी पानांची घडी घातली आणि म्हटलं,
"आता इंजिनं सुरू करायला हरकत नाही.
पण शेजारच्या गाडीत कोण आहे बघत जा.
पुलावर कुणी विचारणार नाही, कुठे निघालात म्हणून."
हे लिहिलेलं नव्हतं.
पलीकडून ती बाईही तेच म्हणाली,
उशिरा, आणि माझ्यापेक्षा बरं.

टाळ्या दोनदा आल्या.
दुसऱ्या खेपेच्या कुणी वाजवल्या
ते इथून दिसत नव्हतं.

संध्याकाळी उगाचच बसने पलीकडे जाऊन आले.
दोन मिनिटंही लागली नाहीत.
उतरले नाही.
ड्रायव्हरने थांब्यावर हँडब्रेक लावला, मी पाहिलं.
उरलेल्या पाच मिनिटांचं काय करायचं
ते मात्र पत्रात कुठेच नव्हतं.