फुटाला एक सूत

माझा आज्जा, केरबा सुतार,
उद्यमनगरात लाकडाचे पंप करायचा.
तांबडा रंग दिलेले, पाणी न ओढणारे,
फळीवर गप्प बसलेले पंप.
ते काळ्या वाळूत दाबायचे, अलगद वर काढायचे,
आणि मागं राहिलेल्या पोकळीत
शिरगुप्प्यांच्या भट्टीतलं लोखंड उतरायचं.
पंप जायचा कागलला, गारगोटीला, कुणाच्या तरी विहिरीवर.
त्याच्यावर नाव शिरगुप्प्यांचं.
लाकूड परत फळीवर.

त्याची एक पोलादी पट्टी होती.
तिच्यावरचा फूट फुटाहून मोठा.
"लोखंड गार होताना आकसतं, बाळे.
म्हणून फुटाला एक सूत आधीच जास्त धरायचं."

हे त्यानं मला नंतर सांगितलं.
आधी पाचवीत मी ती पट्टी दप्तरातून नेली
आणि दहा सेंटिमीटरची माझी प्रत्येक रेघ
एक मिलिमीटर पुढं गेली.
कुरणे सरांनी अख्खं पान खोडलं.
दुसऱ्या दिवशी आज्जा शाळेत.
भुसा लागलेली टोपी काढली, पट्टी टेबलावर ठेवली,
"पोरीचं चुकलं न्हाई, सर.
वही ओतकामाला दिली असती तर माप बरोबर आलं असतं."
सर हसले का, आठवत नाही.
मार्क वाढले नाहीत.

माझी उंचीसुद्धा तो त्याच पट्टीनं घ्यायचा,
दाराच्या चौकटीवर, कानामागची पेन्सिल काढून.
चार फुटांची झाले तरी
चौकटीवर मी अर्धा इंच कमीच.
रडले, तर म्हणाला,
"जास्तीचं तुझ्याजवळच हाय की."

गंगावेशीत उभ्या उभ्या दूध पिताना
गवळ्याचा फेस तो दुधातच धरायचा.
हैदर मुल्लाणीनं, नवा पोरगा,
सागवानाचा ठोकळा उलटा कापला,
तर मालकाला सांगितलं, "लाकूडच वाईट होतं."
आणि घरचा पाट मोडून नेला.
आज्जी त्या पाटावरून मरेपर्यंत बोलायची.

बाबांना मात्र साधी पट्टी.
हे लिहिणार नव्हते.
एका सांध्यात केसभर फट राहिली
म्हणून त्यांचं आठवड्याचं काम
त्यानं बंबात घातलं
आणि त्याच पाण्यानं आंघोळ केली.
बाबा इचलकरंजीला माग दुरुस्त करायला गेले, ते गेलेच.
सणाला दोघं एका पंगतीत बसायचे.
मीठ माझ्याकडून मागायचे.

शेवटी नजर गेली, तेव्हा अंगठ्यानं बघायचा.
ताटाची कड. जिन्याचा कठडा.
माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा हात
बराच वेळ धरून बसला आणि म्हणाला,
"खरबरीत हाय. पण गाठ न्हाई."
आम्ही लग्न केलं.

फर्म्याच्या बाजू किंचित तिरक्या ठेवतात.
सरळ ठेवल्या, तर वर उचलताना
वाळूची भिंत ढासळते.
हे मला माहीत होतं,
तरी त्या गुरुवारी चहाचा कप विसळून
तो खाटेवर आडवा झाला
आणि शेजारच्या खोलीत आम्हाला
काही पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही,
तेव्हा मी त्याच्यावर खूप चिडले.

बाबा दुपारी आले. रडले नाहीत.
अंगणात बांबू टाकले होते.
कुणीतरी दोरी आणली माप घ्यायला,
बाबांनी ती बाजूला ठेवली,
आत गेले, फळीवरून पट्टी आणली,
आणि आयुष्यभर एकमेकांच्या मापात न बसलेल्या
त्या माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत
वाकून, पुन्हा पुन्हा मोजलं.
बांबूवर खूण केली.

हैदरचाचा करवत घेऊन उभे होते.
म्हणाले, "जास्त झालं की रं."

बाबा म्हणाले, "असू दे.
गार व्हायचाय अजून."