काय-वर्ग

फासा खोटा आहे, म्हणाले आबा
आणि सोंगट्या तशाच टाकून गॅलरीत जाऊन बसले.
समोरचा दिगंबर भोईर चौथा डाव जिंकून
चप्पल शोधत होता.

मी स्टीलचं फुलपात्र घेतलं. खाली सतरंजी,
नाहीतर खालच्या सुर्वेबाई वर आल्या असत्या.
घणसोली, रात्रीचे पावणेबारा.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर गिअर बदलत होते
आणि मी फासा टाकत होते,
चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी,
वहीभर काटक्यांच्या मोळ्या.

एकशेवीस वेळा.
एक पडला चौदा वेळा, सहा सत्तावीस,
बाकीचे विसाच्या अल्याड-पल्याड.
वीसपासूनचा फरक, त्याचा वर्ग, भागिले वीस,
सगळ्यांची बेरीज चार पूर्णांक सात.
याला काय-वर्ग म्हणतात, मी म्हटलं.
काय?
काय.
कोष्टकात अकरापर्यंत चालतं, आबा.
एवढं इकडेतिकडे खऱ्या फाशाकडूनही होतं.

त्यांनी फासा तळहातावर घेतला,
तुर्भ्याच्या दाणाबाजारात एकतीस वर्षं
पन्नासचं पोतं एकोणपन्नास भरलं
तर काट्याआधी ज्यांच्या पाठीला कळायचं, ते आबा.
म्हणाले, हे बघ, सहाकडे सहा खड्डे.
तेवढं प्लास्टिक कोरून गेलं.
हलकी बाजू वर राहते. पोतंही असंच लवंडतं.

मी म्हटलं, फासा खरा आहे असं मी म्हणतच नाही.
खोटा म्हणायला एवढा पुरावा पुरत नाही, इतकंच.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, हेच वाक्य.
शहाण्णव साली काट्याचा साहेब आला होता,
आमच्या टोळीनं बारा पोती बाजूला काढून ठेवली होती.
त्यानं असाच कागद केला, अशीच बेरीज,
आणि पुरत नाही म्हणाला.
बारा कमी पडली, की साहेब,
ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

बाराच होती ना, मी म्हटलं.
हाच कल बाराशे वेळा टिकला
तर चाराचे सत्तेचाळीस होतात, आबा.
मग कोष्टकच म्हणेल, खोटा.

किती उरले?
एक हजार ऐंशी.

त्यांनी स्टूल ओढलं.
उजवा खांदा वर जात नाही, म्हणून डाव्या हातानं
फुलपात्र हलवलं, बराच वेळ,
आणि उपडं घातलं.

तीन.

लिही, म्हणाले. तोही लिही.