पासंग

वैधमापन खात्यात तेरा वर्षं झाली.
इतवारीतले काटे तपासते,
बाटांच्या बुडातलं शिसं नखानं खरवडून पाहते,
शिक्का मारते, पावती फाडते.
दांडी केसभर कलली तरी मला आधी कळतं,
दुकानदाराला नंतर.

आणि हा बदलीचा अर्ज पंधरा दिवस घरात पडून.
विकल्प एक : वेंगुर्ला.
विकल्प दोन : कोरा.

एका पारड्यात सव्वासहाची भिवापूर–नागपूर.
सोनबोडी फाट्यावर हात दाखवला की थांबते.
नंदेश्वर कंडक्टर न विचारता तिकीट काढतो.
बाईमाणूस म्हणून तिकीट अर्धं,
रस्ता पूर्ण.
उमरेडपर्यंत झोप,
तिथून पुढे कोळशाचे ट्रक, म्हणून जाग.
पाचगावला पाथोडेबाई चढतात विणकाम घेऊन;
ज्या नातवासाठी स्वेटर घेतला तो चालायला लागला,
बाही अजून एकच.
जायला अडीच तास, यायला पावणेतीन,
महिन्याचे एकशे पंधरा.
हा हिशेबही बसमध्येच केला,
दुसरीकडे वेळ कुठे होता.

दुसऱ्या पारड्यात
खात्याची खोली, कचेरीपासून आठ मिनिटं चालत.
गेल्या साली प्रशिक्षणाला चार दिवस होते तिथे.
मिठाच्या डब्यात मिठालाच पाणी सुटलेलं,
कुलूप किल्लीला ओळखेना,
ओढणी तीन दिवस वाळत होती आणि वाळली नाही.
पण सहाला सुटले तर सहा दहाला मोकळी!
काय करायचं ते सुचेना.
धक्क्यावर बसले. बोटी आल्या.
कोणीतरी मासे मोजून घेत होतं, वजन न करता, टोपलीनं;
बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.
उजेड संपेपर्यंत मी तिथेच,
कोणाचीच बस चुकत नव्हती.

चैताली आठ वर्षांची.
सकाळी निघते तेव्हा झोपलेली, येते तेव्हा झोपलेली.
रविवारी एकदम वाढलेली दिसते,
जशी मिरची पावसाच्या उघडिपीत.
ह्यांची नोकरी उमरेडच्या खाणीत.
खाण काही बदलीवर जात नाही.

राहिले बाबा.
साठ वर्षं सोनबोडीच्या तलावात उतरलेला माणूस,
मरळ कुठे बसते ते पायानं सांगणारा.
वैशाखात तलाव भेगाळतो तेव्हा
हे ओसरीवर जाळं दुरुस्त करतात आणि कमी बोलतात.
परवा विचारलं,
"समुद्राचं पानी कोन्त्या महिन्यात आटते?"
आटत नाही बाबा. दिवसातून दोनदा मागे जातं,
दोनदा येतं.
जाळ्याची गाठ दातानं ओढत ते म्हणाले,
"मंग त तुह्यावानीच हाय थो.
तू येकडाव जातेस, थो दोनडाव."
मग बऱ्याच वेळानं,
"येतो म्हनलं तर येईन मी.
पन तेथचे मासोरे मले वळखतीन काहून?"

मी हसले.
चैताली हसली नाही, तिनं विचारलं,
तिथे तू मला जागी भेटशील का?

काट्याच्या एका पारड्याखाली
व्यापारी कधीकधी चिंचेचा गोळा चिकटवतात.
मला तो बोटानं सापडतो.
स्वतःच्या पारड्याखाली हात फिरवला
तर बोटाला काय लागेल, याची भीती वाटते :
समुद्र लागेल, की नुसता थकवा.

आज रात्री नऊ वाजता फाट्यावर उतरले.
बाबा टॉर्च घेऊन उभे होते, रोजच्यासारखे.
उजेड रस्त्यावर नाही टाकत ते,
माझ्या पावलांपुढे टाकतात, आणि स्वतः अंधारात चालतात.

घरात अर्ज ओसरीच्या पाटावर होता,
वाऱ्यानं उडू नये म्हणून बाबांनी त्यावर
जाळ्याचा शिशाचा मणी ठेवलेला.
सवयीनं तळहातावर तोलला.
चाळीस ग्रॅम, थोडा कमीच.
शिक्का नाही, नोंद नाही,
माझ्या कायद्यात असल्या वजनाला दंड आहे.
होता तिथेच परत ठेवला.
शेवटची तारीख शुक्रवार.
गजर पावणेपाचचा.