दर्शनी बाजू

जकातघराला कोणता रंग द्यायचा
हे ठरवायला समितीनं चार बैठका घेतल्या.
चौथीत कॉफी संपली, तेव्हा मला बोलावलं.

ओस्लोहून मागवलेलं रंगांचं कार्ड
टेबलावर पत्त्यांसारखं पसरलेलं :
ऐतिहासिक श्रेणी, अठ्ठेचाळीस छटा,
‘कप्तानाचा पांढरा’, ‘विधवेचा निळा’, ‘जुनं लोणी’.
आयलर्ट म्हणाला, पांढरा. होतंच पांढरं.
त्याच्याकडे फोटो होता.
फोटोत आकाशही पांढरं होतं, समुद्रही,
आणि दारातली गायसुद्धा.
हे मी बोलले नाही. गुद्नी बोलली.

मी म्हटलं, भिंतीलाच विचारू.

वस्तरा, पॉलिशपेपर, भिंग.
नाण्याएवढं वर्तुळ घासत न्यायचं,
मधे खोल, कडेला उथळ,
म्हणजे थर उघडतात कापलेल्या कांद्यासारखे.
सगळ्यात वर माझ्याच बापानं दिलेला तपकिरी
(त्या वर्षी अख्खं बेट तपकिरी झालं होतं,
का, ते कोणी सांगत नाही),
खाली शाळेच्या बाकांचा हिरवा,
त्याखाली युद्धातला राखाडी,
मिळालं त्यात मिळेल ते कालवून पातळ केलेला,
मग काजळीची एक रेघ, केसाएवढी,
आणि मग पांढरा. जस्ताचा. महागाचा.
आयलर्टनं शिडीखालून टाळ्या वाजवल्या.

मी शिडी उचलून मागे गेले.

मागच्या भिंतीला पांढरा कधी लागलाच नव्हता.
तिथे हिरमुजी, कॉडच्या तेलात कढवलेली,
नखानं खरवडली तर अजून वास येतो,
आणि तो जेवणापर्यंत बोटांना राहतो.
पांढरा बंदराकडे, जहाजावरच्या साहेबांसाठी.
लाल डोंगराकडे,
जिथून पिंपं ढकलत बायका आत यायच्या.
दोन्ही कोपऱ्यांवर पांढरा हातभर आत वळवलेला,
डेकवरून नजर पोचेल तेवढाच.
कोणीतरी होडीत बसून मोजलं असणार.

पन्हळीच्या पाइपामागे, जिथे ऊन पोचत नाही,
ब्रशचे तीन फटकारे सापडले, तीन वेगळे लाल.
एकाशेजारी पेन्सिलीची खूण,
होकाराची की नकाराची ते कळेना.
भिंतीचा लाल या तिघांपैकी एकही नाही.
मला उगाच बरं वाटलं.
म्हणजे त्यांचीही कॉफी संपली होती.

पाचव्या बैठकीत आयलर्ट उठला.
माणूस हट्टी, पण मूर्ख नाही.
म्हणाला, पूल झाला, फेरीबोट गेली,
आता माणसं डोंगराकडच्या रस्त्यानं येतात.
दर्शनी म्हणजे जिथून पाहुणा येतो ती बाजू.
जुन्या लोकांचंच ऐकायचं तर
मागची भिंत पांढरी करा,
आणि समुद्राला लाल दाखवा.

कोणाला काही सुचेना.
मी कार्डाची घडी घालत बसले.
खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं,
अजून नाही.
गुद्नी शेवटी एवढंच म्हणाली,
माझी आत्या त्या दारानं आत जायची.
तिला ते दार लालच माहीत होतं.
सहा विरुद्ध पाच.
आयलर्टनं मतं दोनदा मोजली.

जूनमध्ये अंगणात कढई चढवली.
तीन दिवस बेटावरची सगळी मांजरं माझ्याकडे.
रात्रभर उजेड, त्यामुळे लाल कधी विटकरी दिसे,
कधी शिळ्या बीटासारखा,
आणि पहाटे दोनला, थोडा वेळ, बरोबर.

पांढरा कोपऱ्यावरून किती वळवायचा
हे ठरवायला आयलर्टला त्याच्या होडीत बसवलं.
तो पाण्यातून ओरडत होता,
अजून, अजून, अजून घे.
वारा माझ्याकडचा होता.
मी जुन्या रेघेवर ब्रश थांबवला
आणि ऐकू येत नाही असा हात केला.